गाठीतील माल

सुरतेस राहून जुने कापड विकत घ्यावे, ही कल्पनाच आम्हांस प्रथम विपरीत वाटली. रिंग रोडवरील बाजारांत कृत्रिम धाग्याच्या कोऱ्या साड्यांचे गठ्ठे दिवसभर हातगाड्यांवरून वाहत असतात. अशा गावी, लोकांनी वापरून टाकलेल्या जीनच्या विजारी घाऊक घेण्यासाठी भांडवल हवे म्हणून आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या दिवाळीनंतर दारी आला. राहणार लिंबायतचा, मूळचा अमळनेरकडील. वडिलांचा जन्म यंत्रमागावर गेला. त्यांचे म्हणणे एकच : कोणा मेलेल्याच्या अंगावरचे कपडे घरात यायचे नाहीत. आमच्या सौभाग्यवतींचे मतही फारसे निराळे नव्हते. आम्ही मात्र, मुलगा गणितात चांगला होता एवढ्याच आधारावर, दहा हजार रुपये दिले. जुन्या गुणपत्रिकेवर कर्ज देणे हा शिक्षकाचा जातिवंत दोष आहे.

पहिली गाठ त्याने बांधलेलीच घेतली. विकणाऱ्याने एक तोंड उसवून दाखविले. वरचा थर सुरेख होता. वजन ८० किलो, दर किलोस २०० रुपये. घरी गाठ सोडली तो पोटात फाटक्या, डागाळलेल्या, ताणल्या जाणाऱ्या पातळ कापडाच्या विजारी! एकूण नग १२५, विकण्याजोगे ४०. "सर, जी १२८ रुपयांना पडेल वाटलं होतं, ती ४०० ला पडली," तो म्हणाला. किलोचा भाव हा भावच नव्हे, हे त्रैराशिक त्यास आम्ही कधी शिकविले नव्हते.

पक्के बिल मागितले, तेही मिळाले नाही. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परदेशातून वापरलेले कपडे आणण्यावर आपल्या देशात निर्बंध आहेत. त्यास परवाना लागतो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात अशा गाठी फोडून प्रतवारी करणारे कारखाने आहेत आणि त्यांचा बराचसा माल पुन्हा परदेशी जातो. तेव्हा 'परदेशी गाठ' म्हणून कोणी काही पुढे केले, तर माल पाहण्याआधी कागद पाहावा.

दुसऱ्या खेपेस तो दिल्लीस गेला. तेथे रघुबीरनगरात घोडा मंडी म्हणून जुन्या कपड्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. आपल्या गुजरातेतून गेलेल्या वाघरी समाजाच्या बाया दारोदार भांडी देऊन कपडे घेतात आणि येथे आणून विकतात. आपल्याकडील बोहारणीच म्हणा ना. येथे नग उलटापालटा करून पाहता येतो. भाव चढा पडला, पण टाकाऊ काही आले नाही.

आता जुन्या जीनला मोल कशाचे? नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, वरवर बसते. म्हणून घासेल तेथे आतील पांढरा धागा दिसू लागतो आणि नेसणाऱ्याच्या गुडघ्यांची, खिशातील पाकिटाची खूण कापडावर उमटते. आपण ज्यास विटले म्हणतो, त्यासच शौकीन पैसे मोजतात. (सतराव्या शतकात सरखेजची नीळ याच सुरत बंदरातून विलायतेस जात असे.) लेव्हायच्या विजारीच्या मागील खिशावर लाल पट्टी असते, तीवर नाव १९७१ च्या सुमारापर्यंत सगळे मोठ्या लिपीत असे, पुढे 'ई' हे अक्षर लहान झाले. परंतु पट्टी काय, कोणीही शिवून लावील. पाहावयाची ती बाजूची शिवण, आतून.

हे पाहणे त्यास वडिलांनी शिकविले. दिल्लीची पोती ओसरीवर सोडली तेव्हा ते पाठ करून बसले होते. एक विजार उलटी होऊन त्यांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली, शिवणीच्या आतील पांढऱ्या, लाल दोऱ्याच्या काठावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "हाई कापड धोटावरनं शे." अरुंद पन्ह्याच्या, धोट्याच्या मागावरच अशी बंद काठ निघते, नव्या मागांवर धागा कडेस तुटतो, म्हणून ती शिवून घ्यावी लागते. जपानात आजही असे कापड मुद्दाम विणतात, तेव्हा नुसती काठ म्हणजे वयाचा दाखला नव्हे. पण शोधास आरंभ तेथूनच होतो. त्या पोत्यांत अशा तीन निघाल्या. एक मुंबईच्या गिऱ्हाइकाने छायाचित्रावरूनच घेतली आणि पहिल्या गाठीतील खोट निम्मी भरून निघाली.

हल्ली माल आला की वडील चष्मा लावून बसतात. कपडे अजून घराबाहेर, ओसरीवरच धुतले जातात. ती अट कायम आहे. आमचे चार हजार परत आले, सहा यायचे आहेत.

परवा आम्हांसही महाविद्यालयात घेतलेल्या आमच्या जीनची आठवण होऊन माळ्यावरील ट्रंक उघडली. सौभाग्यवतींनी खालूनच सांगितले, "ती केव्हाच बोहारणीला दिली. तुमचं दूध तापतं ते पातेलं कुठलं वाटतं?"