डेझीचा संप

सोमवारी सकाळी अलार्म वाजला की तुमच्याही पोटात दुखायला लागतं ना? आपण बॉसला ‘ताप आहे’ असा मेसेज टाकतो आणि परत पांघरुणात शिरतो. डेझीला तीही सोय नव्हती.

डेझी म्हणजे लंडनमधली काळी लॅब्राडोर. माझ्या मामेबहिणीच्या ऑफिसात एक अंध मुलगी आहे, तिची गाईड डॉग. गेल्या वर्षी बहिणीकडे गेले तेव्हा आमची ओळख झाली, आणि नेमकी तेव्हाच डेझी संपावर होती! चार वर्षं घर ते ऑफिस बिनचूक नेणाऱ्या या बाईसाहेब हार्नेस हातात घेतला की थेट टेबलाखाली. बाहेर पडल्याच तर चार पावलं चालायचं आणि गवत हुंगायचा बहाणा करायचा. मालकीण रडकुंडीला आलेली. “तिला माझा कंटाळा आलाय,” असं ती म्हणाली तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना.

पण पत्रकाराला चौकशीची खोड. मग कळलं, की गाईड डॉगला ‘नाही’ म्हणायलाही शिकवलेलं असतं. मालकीण ‘फॉरवर्ड’ म्हणाली आणि समोरून गाडी येत असेल, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही. जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ मध्ये युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी अशी कुत्री तयार करायला सुरुवात झाली, आणि आजही सगळी भिस्त कुत्र्याच्या या शहाणपणावर आहे. ज्याचा नकार जीव वाचवतो, त्याच्या नकाराला आळस कसं म्हणायचं?

म्हणून ट्रेनर आधी डॉक्टरकडे पाठवतात. खुब्याचं किंवा कोपराचं दुखणं (लॅब्राडोरमध्ये हे बरंच आढळतं), कान, दात, पंजे, सगळं तपासायचं. मग हार्नेस. वजन वाढलं की पट्टा पुढच्या पायांच्या बगलेत काचतो. डेझीचं हे सगळं ठणठणीत निघालं.

शेवटी ट्रेनर दोघींबरोबर चालत गेली. पार्कच्या गेटपाशी डेझी थरथरायला लागली. तेव्हा मालकिणीला आठवलं, की दोन महिन्यांपूर्वी इथेच एक मोकळा सोडलेला कुत्रा डेझीच्या अंगावर धावून आला होता. चावला नाही, म्हणून हिने विषय सोडून दिला. डेझीने सोडला नव्हता. हार्नेस म्हणजे ते गेट, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यात रोज तिथे पोचताना मालकिणीची मूठ आवळायची, आज ही चालेल की नाही या धास्तीने. हँडल ताठ असतं, ती धास्ती डेझीपर्यंत पोचणारच.

मग रस्ता बदलला. सुरुवातीला फक्त कोपऱ्यापर्यंत जायचं, खाऊ द्यायचा, परत यायचं. काही कुत्री अशा धक्क्यातून सावरत नाहीत, त्यांना लवकर रिटायर करावं लागतं, हेही ट्रेनरने स्पष्ट सांगितलं होतं. ती मुलगी तेव्हा कपाटातून पांढरी काठी काढून ठेवत होती, ते मी पाहिलंय.

परवा बहिणीचा फोन आला. डेझी आता स्वतःहून हार्नेसमध्ये डोकं घालते. गेटचा रस्ता मात्र अजून नाहीच. दोघी मागच्या गल्लीतून जातात, ऑफिसात सात मिनिटं उशिरा पोचतात आणि बॉस काही बोलत नाही.