अर्ज आधी तपासा, मग द्या



पेरलेले सोयाबीन उगवले नाही, की आपण दुकानदाराशी भांडतो, पारावर बोलतो आणि गप्प बसतो. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि तोही दुबार पेरणीसाठी रान मोडण्याआधी. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन उगवण पाहते. रान मोडले, की दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून अर्ज लवकर आणि नेटका लिहिता आला पाहिजे. या कामी हातातला मोबाईल उपयोगी पडतो.

अर्ज मोबाईलवर मराठीत लिहा किंवा बोलून उतरवा. मजकूर तपासणाऱ्या वेबसाईटवर तो टाकला, की शब्द किती, वाक्ये किती, कोणता शब्द किती वेळा आला, हे दिसते. ‘विनंती’ पाच वेळा आणि ‘लॉट नंबर’ एकदाही नाही, असे दिसले तर उणीव कुठे आहे ते समजा. एकच वाक्य चाळीस शब्दांचे असेल तर त्याची तीन करा.

‘बियाणे बोगस निघून फार नुकसान झाले’ एवढ्याने भागत नाही. असे लिहा : ‘१८ जूनला २ एकर सोयाबीन पेरले. दहाव्या दिवशी दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ मोजली. सरासरी ६ रोपे आढळली.’ पुढे वाण, कंपनी, लॉट नंबर, पावती क्रमांक आणि गट नंबर द्या. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. त्यामुळे आकड्याला वजन येते.

आता या साधनांची मर्यादाही ओळखा. वाचनसुलभतेचे गुण देणारे फ्लेशचे सूत्र १९४८ मध्ये इंग्रजीसाठी तयार झाले. मराठी अर्जाला मिळालेल्या त्या गुणांवर विसंबू नका. अक्षरे मोजतानाही गंमत होते. ‘शेती’ आपल्या लेखी दोन अक्षरे, पण पुष्कळ साधने काना-मात्रा वेगळ्या धरून चार मोजतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्ध; तुम्हाला कोणता हवा ते यंत्राला कळेलच असे नाही. आणि लॉट नंबरातला एक आकडा चुकला, तर तो कोणतीच वेबसाईट दाखवणार नाही. तो पिशवीवरच्या लेबलाशी तुम्हीच ताडून पाहा.

आधार क्रमांक, बँक खाते, फोन नंबर अशा वेबसाईटवर टाकू नका. ते शेवटी कागदावर हाताने लिहा.

अर्ज घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना अडखळले, की तिथले वाक्य सुधारा. पिशवी, लेबल, पावती आणि उरलेले थोडे बियाणे जपून ठेवा. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.