पाणी, पुणे आणि 'पण'

'पाणी'चा काना आणि वेलांटी काढा. उरतं 'पण'. 'पुणे'चा उकार आणि मात्रा काढा. पुन्हा 'पण'च. हा शब्दखेळ नाही. शीर्षकावरून लेखाचा वेबपत्ता तयार करताना पायथॉनचा नेहमीचा नियम वापरला, की काना-मात्रा-वेलांटी 'अक्षर' या व्याख्येत बसत नाहीत आणि स्वल्पविरामाबरोबर केरात जातात. 'स्त्री'चं 'सतर' होतं.

यावर आपल्याकडच्या साइटवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "कशाला देवनागरी? रोमनमध्ये टाका." ळ-ला रोमन अक्षरच नाही, त्यामुळे बाळ आणि बाल एक, काळा आणि काला एक. एकाच शब्दाची चार स्पेलिंगं एकाच साइटवर सुखाने नांदतात. त्याहून आळशी लोक नुसता क्रमांक देतात, म्हणजे पत्ता पाहून आत कविता आहे की पंचांग, कळू नये. आणि हे सगळं म्हणे सर्चसाठी! खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात म्हटलंय, की पत्त्यात वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा. मराठी वाचक मोबाइलवर मराठीत शोधतो, मराठीत बोलून शोधतो. पत्ता तेवढा इंग्रजी शाळेत घातलेला.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की बहुतेक वेळा टक्क्यांची माळ उमटते. कारण साधं आहे: आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं आणि प्रत्येक बाइट टक्क्यासकट तीन चिन्हांत लिहायचा. एकट्या 'म'ची नऊ, 'मराठी'ची ४५. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांवर कापतं. त्यामुळे 'महाराष्ट्रातील दुष्काळ आणि सरकार' हे शीर्षक 'दुष्काळ-आ'पाशीच आ वासून थांबतं. सरकार नेमकं तिथे गायब!

पण यावर उपाय भाषा बदलणं नव्हे, पत्ता छोटा ठेवणं आहे. 'दुष्काळ-सरकार' पुरे. आख्खं शीर्षक पत्त्यात कोंबायला सांगितलंय कोणी? मराठी विकिपीडिया वर्षानुवर्षं देवनागरी पत्त्यांवर चालतोय, कोणाचं काही अडलेलं नाही.

आणि रोमनच हवं असेल तर ठेवा बाबांनो, पण एकदा दिलेला पत्ता बदलू नका. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली १९९८पासून हेच सांगतोय. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे '३०१' क्रमांकाचं कायमचं वळण द्या. दुपारभराचं काम. माझी एक कथा ज्या दिवाळी अंकात ऑनलाइन आली होती, त्यांनी साइट नवी केली आणि हे काम केलं नाही. कथा तिथेच आहे, फक्त नव्या क्रमांकाखाली. जुनी लिंक जपून ठेवलेल्या एका वाचक मुलीने परवा मेसेज केला: "दादा, तुम्ही ती कथा काढून का टाकलीत?"