अश्वशक्तीची पाळी शेवटी

यंत्र आणि मार्ग : साप्ताहिक स्तंभ
लेखक : सारथी

नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या तरुणांची जी पत्रे या स्तंभाकडे येतात, त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार आढळतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडात एक जुनी माझदा एमएक्स-५ विकत घेतली आहे, पगारातून दरमहा काही रक्कम बाजूला टाकता येते, तर तिच्यात कोणती सुधारणा सर्वांत आधी करावी? पत्रलेखक बहुधा उत्तरही सोबतच जोडतात आणि ते बहुधा इंजिनासंबंधी असते: टर्बो बसवावा, सायलेन्सर बदलावा, हवा ओढणारी नळी नवी घालावी, आणि बाकीचे सवडीने पाहावे. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. ते ज्या गाडीविषयी आपण बोलत आहोत तिच्या रचनेतूनच निघते, म्हणून जरा विस्ताराने मांडतो.

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली माझदाच्या अभियंत्यांनी तिची जी योजना केली, तीत जुन्या ब्रिटिश दोन आसनी उघड्या गाड्यांची, विशेषतः १९६२ सालच्या लोटस एलानची, स्मृती स्पष्ट दिसते. आणि त्या गाड्यांचे सारे वैभव त्यांच्या हलकेपणात होते. १.६ लिटरचे, अमेरिकेतील मापाने ११६ अश्वशक्तीचे साधे इंजिन पुढे, गती मागच्या चाकांना, चारही चाकांना दुहेरी विशबोनचे स्वतंत्र सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना एकत्र सांधणारी अ‍ॅल्युमिनियमची ताठ चौकट, आणि एवढा सगळा सरंजाम मिळून वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. घोडा आणि स्वार यांच्यात भेद उरू नये हे ध्येय निर्मात्यांनी स्वतःच घोषित केले होते, आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडेपर्यंत ते त्यांनी सोडले नाही. ज्या यंत्राचा गुण वळणावर प्रकट होतो, त्याच्यावरील पहिला पैसा सरळ रस्त्यावरील वेगासाठी खर्च करणे म्हणजे त्याचा स्वभावच न ओळखणे होय.

सुधारणेच्याही आधी दुरुस्तीचा अधिकार आहे. पहिल्या पिढीची गाडी आज तीस वर्षांहून जुनी आहे, आणि मूळची गाडी कशी चालत असे हे तिच्या आजच्या मालकाला बहुधा माहीतच नसते. तो ज्याला गाडीचा दोष समजतो तो पुष्कळदा कालाचा परिणाम असतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी बुश कडक होऊन भेगाळलेले असतात. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचा काळा रंग जाऊन त्या तपकिरी दिसू लागल्या, की त्या तडकण्याच्या बेताला आल्या आहेत असे समजावे. टायमिंग बेल्टची मुदत साठ हजार मैलांची, आणि आधीच्या मालकाने तो बदलल्याची लेखी नोंद नसेल तर बदललेला नाही असेच धरून चालावे. प्रारंभीच्या, म्हणजे १९९१ च्या सुमारापर्यंतच्या, काही गाड्यांत क्रँकशाफ्टचे टोक आखूड आहे आणि तेथील चावीची खाच झिजून इंजिनाचा घात होण्याचा संभव असतो. बेल्ट बदलताना तेवढी तपासणी करून घ्यावी. या सर्व बाबींना कोणी सुधारणा म्हणत नाही आणि मित्रांना दाखवण्यासारखे त्यांत काही नसते, तरी पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक यांतच संपले तर ते सत्कारणी लागले असे मी मानतो.

त्यानंतर ब्रेक. या बाबतीत मी आग्रही आहे, आणि याचे कारण पदार्थविज्ञानाच्या अगदी प्राथमिक नियमात आहे. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकासह हजार किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटरने जात असता तिला पूर्ण थांबवायचे, तर सुमारे पावणेचार लाख ज्यूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर चार चकत्यांना करावे लागते. वेग शंभराचा एकशेवीस झाला, म्हणजे केवळ एक पंचमांशाने वाढला, तर हाच बोजा ४४ टक्क्यांनी वाढतो. ज्याने इंजिनाची शक्ती वाढवली आणि ब्रेक होते तसेच ठेवले, त्याने या वाढीची कोणतीही तरतूद न करता खर्च मंजूर केला आहे.

येथे बहुतेकांचा हात मोठ्या चकत्या आणि रंगवलेले कॅलिपर यांकडे जातो. पण एवढ्या हलक्या गाडीला प्रारंभी त्यांची गरज नसते. गरज असते ती ताज्या ब्रेक ऑइलची. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू त्यामुळे झपाट्याने उतरतो: डॉट ४ प्रतीचे ऑइल कोरडे असता किमान २३० अंश सेल्सिअसला उकळावे असे मानक आहे, पण तेच पाणी शोषल्यानंतर केवळ १५५ अंशांची हमी उरते. लांब घाट उतरताना किंवा शर्यतीच्या मार्गावर चकत्या वारंवार तापल्या की कॅलिपरमधील ऑइल उकळते, त्याची वाफ होते, आणि द्रव दाबाखाली आकसत नाही पण वाफ आकसते, या एका कारणाने पेडल तळाला जाऊन टेकते आणि गाडी मात्र थांबत नाही. या प्रसंगापासून वाचवणारा उपाय ऑइलच्या एका बाटलीचा आणि एका दुपारच्या श्रमाचा आहे. त्याला उष्णता सोसणाऱ्या चांगल्या पॅडची जोड द्यावी. मात्र निव्वळ शर्यतीचे पॅड रोजच्या रस्त्यावर वापरू नयेत, कारण ते तापल्यावाचून पकड देत नाहीत, आणि सकाळी घराबाहेर पडताच रस्त्यात मूल आडवे आले तर त्या क्षणी ते थंडच असणार.

टायरांना मी ब्रेकच्या बरोबरीनेच स्थान देतो, कारण ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतात ते टायर. प्रत्येक टायरचा जेवढा भाग कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो त्याचे क्षेत्रफळ तळहाताएवढे असते, आणि वेग वाढवणे, थांबणे, वळणे हे गाडीचे तिन्ही व्यवहार त्या चार तळहातांच्या जामिनावर चालतात. टायरच्या बाजूवर एका लहान चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील. नक्षी खोल दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर चांगला समजणे ही धोक्याची चूक आहे, कारण रबर न वापरताही कडक होत जाते. या गाडीचे मूळ माप १८५/६०, रिम १४ इंची. त्याच मापाच्या जवळपास राहून उत्तम प्रतीचे रबर घ्यावे, सतरा इंची चाकांच्या मोहात पडू नये. मोठे चाक जड असते, आणि स्प्रिंगच्या खाली वाढलेले वजन खड्ड्यावरून चाकाला वेळेवर खाली येऊ देत नाही. नवे टायर चढताच अलाइनमेंट करून घ्यावे. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर आणि टो जुळवण्याची सोय मूळचीच आहे, आणि ज्याला कामाचे ज्ञान आहे अशा मिस्त्रीने तासाभरात केलेल्या त्या जुळवणीने गाडीच्या वागणुकीत जो फरक पडतो, तो त्याच किमतीच्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूने पडत नाही.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांची पाळी त्यानंतर. गाडी बसकी दिसावी म्हणून आखूड स्प्रिंग घालणाऱ्यांविषयी एवढेच सांगतो, की चाकाच्या वरखाली होण्याला जागा उरली नाही म्हणजे सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते आणि वळणाच्या मध्यावर पकड एकाएकी सुटते. एका वेळी एकच फेरफार करावा, आणि तारीख, टायरमधील हवेचा दाब, झालेला फरक यांची नोंद वहीत ठेवावी. चार वस्तू एकदम बसवल्या तर कोणत्या वस्तूने गुण दिला आणि कोणत्या वस्तूने बिघाड केला याचा हिशेब पुढे कोणालाच लावता येत नाही.

अमेरिकेतील पत्रलेखकांसाठी एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या ऑटोक्रॉस स्पर्धा मोकळ्या वाहनतळावर शंकू मांडून होतात. खर्च अल्प, वेग मर्यादित, आणि चूक झाली तर बहुतेक वेळा शंकूच आडवा होतो. तेथील ‘स्ट्रीट’ या प्राथमिक विभागात टायर, ब्रेक पॅड, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि एक अँटी-रोल बार इतके बदल चालतात, पण टर्बो बसवलेल्या गाडीला तेथे थारा नाही; तिला कितीतरी अधिक तयारीच्या गाड्यांशी झुंजावे लागते. म्हणजे नियमावली न वाचता पाना हाती घेणारा आपली प्रवेशाची दारे स्वतःच बंद करतो. शिवाय अशा मैदानावर अनुभवी शिक्षक शेजारी बसवून घालवलेला एक दिवस चालकाला जे शिकवतो ते कोणत्याही पेटीतून विकत मिळत नाही, आणि माझ्या मते या दिवसाचा खर्च स्प्रिंगच्याही आधी मंजूर व्हावा. मायदेशी ही गाडी अधिकृतपणे विक्रीस आलीच नाही. पण येथे दुसऱ्या एखाद्या गाडीवर असेच प्रयोग करू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, आणि नोंदणी दाखल्यातील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार अमान्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय, हे दोन्ही आधी पाहावेत.

उघडी गाडी शर्यतीच्या मार्गावर न्यायची तर डोक्यामागे पोलादी रोल बार हवाच; पुढच्या काचेची चौकट उलटलेल्या गाडीचा भार पेलण्यासाठी केलेली नसते. मात्र त्या नळीवर दाट अस्तर चढवल्याखेरीज रोजच्या रस्त्यावर फिरू नये, कारण हेल्मेटविना डोके तिच्यावर आपटले तर रक्षणासाठी बसवलेली वस्तूच इजा करते.

आता इंजिन. सायलेन्सर आणि हवेची नळी यांनी आवाज बदलतो, शक्ती फारशी बदलत नाही. ज्याला आवाज हवा त्याने तो आवाजासाठी घ्यावा. टर्बोची गोष्ट वेगळी आहे, तो खरोखरच शक्ती देतो, आणि ही गाडी सरळ रस्त्यावर मंद आहे हे म्हणणेही मला मान्य आहे. परंतु टर्बो एकटा येत नाही. इंधन आणि ठिणगी यांचे नियंत्रण नव्याने जुळवावे लागते, वाढलेल्या उष्णतेसाठी मोठा रेडिएटर लागतो, मूळचा क्लच घसरू लागतो, आणि क्लच सुधारला की भार मागे सरकून १.६ च्या लहान डिफरन्शियलवर पडतो, जो या गाडीचा सर्वांत दुबळा अवयव आहे. माझदाने स्वतः १९९४ च्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचे इंजिन घातले तेव्हा डिफरन्शियलही मोठा केला, यात सर्व काही आले. म्हणून ज्याला वर सांगितलेली सारी कामे करूनही शक्ती अपुरी वाटेल, त्याला माझी शिफारस अशी, की १.६ ची गाडी चांगल्या स्थितीत, दुरुस्तीच्या नोंदवहीसह, विकून टाकावी आणि १९९४ नंतरची १.८ घ्यावी, टायर, पॅड आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांतले काय काय नव्या गाडीला चालेल ते विक्रीपूर्वी ताडून पाहावे, म्हणजे चालणाऱ्या वस्तू उतरवून घेता येतील आणि त्यांच्या जागी मूळच्या वस्तू परत बसवून देता येतील.