बायोडेटात न मावणारा माणूस



गेल्या शुक्रवारी अल हिलालमधल्या आमच्या घरी मित्राचा मुलगा आला होता. शिकतो पुण्यात, सुट्टीत गोव्याला सर्फिंग करतो (दोह्याच्या समुद्राला कुठल्या लाटा!). म्हणाला, "काका, इंजिनिअरिंग सोडून समुद्रावर लिहायचंय, फिल्म करायच्यात." "आधी एक काहीतरी धड कर," असं म्हणणारा मीच.

रात्री व्यंकटेश माडगूळकर आठवले. १९४२च्या चळवळीत शाळा सुटली. पुढे कथा, चित्रं, सिनेमा, लोकनाट्यं आणि पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम. शिकारीही केली. आणि १९८२ साली 'सत्तांतर', वानरांच्या टोळ्यांवरची कादंबरी! टोळी काबीज करणारा नवा नर आधीच्याची पिल्लं मारतो, हे धारवाड आणि अबूच्या वानरांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याआधीच नोंदवलं होतं. पण मला, पुढे डॉक्टरेट मिळवणाऱ्याला, ते पहिल्यांदा कळलं माडगूळकरांकडून. माझे स्वतःचे शोधनिबंध माझी आईसुद्धा वाचत नाही.

तरी एक गोष्ट विसरू नये. त्यांच्या मागे आकाशवाणीचा पगार होता. इथे आपला निवास परवानाच नोकरीला बांधलेला, त्यामुळे आपली भीती खोटी नाही. पण ती आपली आहे, त्या मुलाची नव्हे. गणपतीच्या मंडपावर आपण जेवढा खर्च करतो, तेवढ्यात अशा एका मुलाचं वर्ष निघेल. पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे.

'सत्तांतर'ची माझी प्रत सध्या त्याच्याकडे आहे.