थांबण्याचा भाव

नवा संगणक घ्यायचा विषय घरात निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: घाई नसेल तर थांबा, दसऱ्याला हेच मशीन स्वस्त मिळेल. सल्ला देणारा भाचा असतो, शेजारी असतो किंवा कचेरीतला 'यातलं कळणारा' एखादा सहकारी असतो. आजवर तो बहुतेक वेळा बरोबरही ठरत आला. चिपवर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असा अंदाज गॉर्डन मूर यांनी 1965 मध्ये मांडला. 1975 मध्ये तो सुधारताना त्यांनी दुपटीचा काळ दोन वर्षांचा धरला. पुढची काही दशके उद्योगाने हा अंदाज वेळापत्रकासारखा पाळला. त्यामुळे ज्याने खरेदी लांबवली त्याला तेवढ्याच पैशांत जास्त वेग आणि जास्त जागा मिळत गेली. सोने, घर, मुलांच्या फिया असे सगळे चढत असताना आळसाचे बक्षीस देणारी ही एकच वस्तू मध्यमवर्गाच्या हाती होती.

हा हिशेब सध्या बिघडला आहे. 2025 च्या उत्तरार्धापासून मेमरीचे, म्हणजे दुकानात 'रॅमची पट्टी' म्हणून मागतो तिचे, भाव चढत गेले आणि काही प्रकारांत थोड्याच महिन्यांत दुपटीच्या पुढे पोचले. कारण फार दूरचे नाही. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची, थरावर थर रचलेली वेगळी मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेसाठी तिला सिलिकॉनची चकती साधारण तिप्पट खर्ची पडते, पण नफा त्याहून चांगला सुटतो. पाटाचे पाणी आले की ज्वारीचे शिवार उसाखाली जाते आणि बाजारात ज्वारी चढते, तसेच हे. जमीन तेवढीच, पीक बदलले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा जुना ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. नवा चिप कारखाना उभा राहून माल द्यायला काही वर्षे लागतात. तेव्हा हा चढ पाडव्याच्या सवलतीत विरघळून जाईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मग आजच धावत जाऊन घ्यावे का? इतक्या लवकर तसे म्हणवत नाही. भाव वर जाणार की खाली येणार हा प्रश्न दुसरा आहे. आपले घोडे नेमके कुठे अडले आहे, हा पहिला. तो विचारला तर बऱ्याच घरांत उत्तर निघते की मशीन धडधाकट आहे, फक्त विंडोज 10 'बंद झाले' असे कोणीतरी सांगितले आहे.

बंद काहीही झालेले नाही. 29 जुलै 2015 रोजी आलेल्या विंडोज 10 ची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. मशीन पूर्वीसारखेच चालू होते, टॅली उघडते, छपाई होते. थांबली ती दरमहा येणारी सुरक्षेची दुरुस्ती. हे किरकोळ वाटेल, पण 2017 आठवावे. त्या वर्षी मार्चमध्ये विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्यावर मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा विषाणू कोसळला. जूनमध्ये त्याच भोकाचा, आणि इतरही वाटांचा, वापर करणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. युरोपात सुरू झालेली लागण न्हावा शेव्याच्या या बंदरापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, ते दुरुस्तीविना इंटरनेटला जोडून ठेवणे हा जुगार आहे.

पण या जुगारातून बाहेर पडायला नवे मशीनच घ्यावे लागते असे नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय ठेवली आहे. 30 डॉलर भरून, रिवॉर्ड्सचे 1000 गुण खर्चून, किंवा मशीनची सेटिंग्ज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन करून ती घेता येते. शेवटच्या पर्यायाला पैसे पडत नाहीत. अट एवढीच की विंडोज 10 ची शेवटची आवृत्ती, 22एच2, बसवलेली हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. दहा मिनिटांचे हे काम सांगायला दुकानदार विसरतो, आणि त्यात नवल नाही.

संस्थांचा हिशेब मात्र निराळा आहे. पतसंस्था, शाळेबाहेरची शिकवणी, सनदी लेखापालाची कचेरी यांना हीच सोय पहिल्या वर्षी दर मशीनमागे 61 डॉलरला मिळते आणि दरवर्षी दर दुप्पट होतो. तीन वर्षे घेतली तर 61, 122 आणि 244 मिळून 427 डॉलर. एवढ्या रकमेत एक साधे नवे मशीन उभे राहते. म्हणून संस्थांनी पहिल्या वर्षाची मुदत विकत घेऊन त्या काळात टप्प्याटप्प्याने यंत्रे बदलावीत. तिसऱ्या वर्षापर्यंत ताणणे शहाणपणाचे दिसत नाही.

आपले मशीन विंडोज 11 घेते की नाही, हे त्याच्या प्रोसेसरच्या नावावरूनच बहुधा कळते. इंटेलच्या 'आय-5' किंवा 'आय-3' नंतर चार आकडे असून पहिला 1 नसेल तर तो पहिला आकडा पिढी सांगतो. पहिला आकडा 1 असेल किंवा पाच आकडे असतील तर पहिले दोन. आठवी पिढी किंवा पुढची असेल तर बहुतेक मशीन पात्र ठरतात आणि विंडोज 11 फुकट चढते. एएमडीच्या रायझनमध्ये ही रेषा साधारण 2000 च्या मालिकेपासून सुरू होते. पात्र असूनही मशीन नकार देत असेल तर टीपीएम ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असण्याची शक्यता मोठी. ती चालू करून पाहायची. हे न बघता मशीन विकायला काढलेले लोक आमच्या पाहण्यात आहेत. सातव्या पिढीची, कामाला आजही पुरेशी असलेली लाखो यंत्रे या रेषेमुळे एका फटक्यात 'जुनी' झाली, हे मात्र खुपते. सुरक्षेचे कारण खोटे नाही, पण त्याची किंमत ग्राहकाने आणि शेवटी भंगारवाल्याने मोजायची, हा न्याय एकतर्फी आहे.

दुसरी तक्रार असते वेगाची. 2016 ते 2018 च्या सुमाराला घेतलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवर हवी ती नोंद शोधायला सुईला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दशांशात होते. एखादा प्रोग्राम उघडताना अशी शोधाशोध पुन्हा पुन्हा होते म्हणून मशीन घुटमळते आणि आपण बिचाऱ्या प्रोसेसरला दोष देतो. डिस्क काढून एसएसडी बसवली की चालू व्हायला दोन-तीन मिनिटे घेणारे यंत्र बहुधा अर्ध्या मिनिटात उभे राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात हे तासा-दोन तासांचे काम आहे. एसएसडीचे भावही मेमरीबरोबर चढले आहेत, तरी नव्या लॅपटॉपच्या तुलनेत तो खर्च लहानच. रॅम वाढवण्याबद्दल मात्र हात आखडावा लागेल. डीडीआर4 या जुन्या प्रकाराचे उत्पादन कंपन्या आवरते घेत असल्याने जुन्या मशीनला लागणारी पट्टीही महागली आहे. तेव्हा आधी एसएसडी, आणि त्यानंतरही काम अडले तरच रॅम.

विंडोज 11 न घेणाऱ्या मशीनला लिनक्सचाही रस्ता आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट फुकट मिळते, मराठी युनिकोड टंकलेखन त्यावर व्यवस्थित चालते, ब्राउझर आणि पत्रव्यवहारापुरते काम असलेल्याला काही उणे भासत नाही. टॅली मात्र विंडोजवरची. ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावणाऱ्यांनी आधी चाचणी घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

एवढे करूनही ज्यांचे काम अडतेच, त्यांनी थांबू नये. चित्रफितींचे संपादन करणारा, आर्किटेक्चर शिकणारी, ज्याच्या लॅपटॉपची बिजागरी आणि बॅटरी दोन्ही गेली आहेत असा कोणीही, यांचा दर आठवड्याला वाया जाणारा वेळ हा थांबण्याचा खरा भाव आहे आणि तो पाडव्याला परत मिळत नाही. घेताना एक गोष्ट पाहावी. आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढत नाही. भाव चढल्यामुळे 8 जीबीचे मॉडेल खुणावेल. पाच वर्षे वापरायचे असेल तर पडदा थोडा साधा चालेल, प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पण मेमरी 16 जीबी घ्यावी. कृत्रिम बुद्धिमत्तेची जाहिरात करणाऱ्या 'कोपायलट प्लस'च्या चिठ्ठीला भुलण्याचे कारण नाही. त्या यंत्रांना 16 जीबीची अट असते, एवढा तिचा आडून फायदा.

पुढचे मॉडेल येणार म्हणून थांबणाऱ्या ग्राहकाची भीती या उद्योगाला त्याच्या बालपणापासून आहे. अ‍ॅडम ऑस्बॉर्न यांनी 1981 मध्ये उचलून नेता येणारा संगणक 1,795 डॉलरला बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची, आणि तरी तो धडाक्याने खपला. 1983 मध्ये त्यांनी पुढच्या मॉडेलची वाच्यता वेळेआधी केली, दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या आणि सप्टेंबरात कंपनीने दिवाळे काढले, अशी गोष्ट सांगितली जाते. तोवर मोठ्या पडद्याचा केप्रो बाजारात आला होता आणि खरे नुकसान त्याने केले, असेही अभ्यासक म्हणतात. पुढचे मॉडेल तेव्हाही येणार होते, आजही येणार आहे. त्यासाठी थांबणाऱ्याने निदान मागच्या मॉडेलची घसरती किंमत तरी पदरात पाडून घ्यावी. या वर्षी तेवढीही खात्री देता येत नाही.

थांबणे पूर्ण समर्थनीय आहे अशी एक जागा मात्र महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावात सापडते. लग्नपत्रिका, हँडबिले, स्मरणिका जुळवणारे डीटीपीचे दुकान. तिथे 2001 मध्ये आलेले पेजमेकर 7 आजही चालते, श्रीलिपीचे जुने, युनिकोडपूर्व टंक चालतात आणि पाठीमागे खोचलेले हार्डवेअर लॉक जुन्या विंडोजशीच जुळवून घेते. चालकाची बोटे त्या कळफलकावर डोळे मिटून फिरतात. नव्या मशीनवर हे सगळे उचलून न्यायचे तर आठवडा मोडतो आणि अक्षरांची काना-मात्रा सुटते ती वेगळीच. अशा यंत्राची नेटची वायर काढून टाकावी, ईमेल दुसऱ्या मशीनवर घ्यावी, पेन ड्राइव्ह तिथेच तपासून मग इकडे लावावा, आणि यंत्र आहे तसे चालू द्यावे. काळजी फक्त त्याच्या हार्ड डिस्कची. पंधरा-वीस वर्षांचे गावातले अंक, अहवाल आणि वंशावळी तिच्यात जुन्या टंकांत पडून आहेत, दुसरी प्रत कुठेच नाही. त्यांच्या पीडीएफ काढून, मजकूर युनिकोडमध्ये बदलून बाहेरच्या दोन डिस्कवर ठेवण्याचे काम लग्नसराई संपली की हाती घ्यावे.