ईश्वरेच्छा नव्हे!

हरणीचे तळे मोटनाथ महादेवाच्या सान्निध्यातले. तेथे १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नाव उलटून १२ मुले व २ शिक्षिका यांचा बुडून अंत झाला. 'ईश्वरेच्छा' म्हणून हळहळणाऱ्या भाविकांस आमचा प्रश्न आहे: चौदा जणांच्या नावेत त्याहून कितीतरी अधिक माणसे कोंबली, ती काय ईश्वराने? अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, ते कोणाच्या इच्छेने? कायदा भूकंपास दैवी आपत्ती मानील. ज्याचे काम केवळ माणसे मोजण्याचे, त्याच्या हलगर्जीस नव्हे. आणि वडोदऱ्याला हे नवीन थोडेच आहे! १९९३ साली सुरसागरात अशीच भरगच्च नाव उलटून २२ जीव गेले होते. मोटनाथास अभिषेक अवश्य करा. पण परतताना महापालिकेस विचारा, धक्क्यावर माणसे मोजण्यास आज कोण उभा आहे?